जोत्याची उंची

जुलै २०२४च्या पुरानंतर आमच्या सोसायटीत विम्याचा विषय निघाला. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यालगत, मुठेच्या बाजूला राहतो. २५ जुलैच्या पहाटे खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सुटलं आणि एकतानगरीत लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. आमच्याकडे वरची घरं कोरडी राहिली. पण पार्किंगमधला पंप, लिफ्टची यंत्रणा आणि मीटरची खोली पाण्यात गेली.

मी सेक्रेटरी, म्हणून कागद जमवायचं काम माझ्याकडे आलं. न्यू जर्सीतली मावसबहीण म्हणाली, तिकडे पूरविमा घेताना सर्वेअरने दिलेला घराच्या उंचीचा दाखला असला तर हप्ता ठरवताना उपयोगी पडतो. पुराची पातळी अमुक, घराची जमीन तमुक, एवढाच त्याचा मथितार्थ. आपल्याकडे असा तयार दाखला कोणी हातात देत नाही. पण त्यातले दोन्ही आकडे मिळवता येतात.

पहिला आकडा पूररेषेचा. ती जलसंपदा विभाग आखतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. पुण्यात मुठेसाठी त्या अनुक्रमे ६० हजार आणि १ लाख क्युसेक विसर्ग धरून आखल्या आहेत. नकाशावर रेघ दिसते. आपल्याला हवी असते ती तिथली पाण्याची पातळी, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये.

दुसरा आकडा आपल्या जोत्याचा. त्यासाठी सर्वेअर ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकड्यांची उभी काठी) घेऊन आले. ठरलेल्या बेंचमार्कपासून लेव्हल घेत घेत गेटपर्यंत पोचले आणि जोत्याचा आर.एल., म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, काढून दिला. ‘नदी किती लांब आहे ते सांगू नका काका, जोतं किती वर आहे ते बघा,’ असं म्हणत त्यांनी मागची इमारतही मोजली. ती नदीपासून आमच्यापेक्षा लांब, पण नाल्याच्या खोलगटात. तिचं जोतं आमच्याहून खाली निघालं. नदी फुगली की नाला उलटा भरतो, तो असा.

विम्याच्या फॉर्मात मात्र या उंचीचा रकानाच नव्हता. १ एप्रिल २०२१पासून आलेल्या ‘भारत गृहरक्षा’ पॉलिसीत पूर धरलेलाच असतो. घराची विमा रक्कम चटईक्षेत्र आणि बांधकामखर्चावरून निघते. घरातल्या सामानाला तिच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, आपोआप संरक्षण मिळतं. पण आमचं नुकसान झालं होतं ते सामाईक वस्तूंचं. पंप, लिफ्ट, मीटर पॅनेल यांचा विमा सोसायटीने स्वतंत्र घ्यायचा असतो. गाड्यांचंही तसंच: पाण्यात उभी गाडी सुरू केली आणि इंजिन गेलं, तर वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं नसताना कंपनी सहसा हात वर करते.

सामाईक विमा घेतला. शिवाय मीटर पॅनेल आणि पंपाचं स्टार्टर लाल रेषेच्या पातळीवर चढवून घेतलं. लाल रेषेचा आर.एल. आता पार्किंगच्या खांबावर रंगवलाय.

हल्ली पुनर्विकासासाठी बिल्डर येतात. एफएसआय, कॉर्पस, भाडं यांच्या आधी आम्ही नव्या जोत्याचा आर.एल. विचारतो. चटकन उत्तर देणारा अजून भेटायचाय.