उडद्या

वरकुटे असो की बोरी, इंदापूर भागातल्या द्राक्षबागेत छाटणीची कात्री थांबली, डोळ्यांना पेस्ट लागली, की हा हजर. चार-पाच मिलिमीटरचा भुंगेरा, तांबूस-कांस्य झळाळी, पाठीवर सहा काळसर ठिपके. दिसायला देखणाच म्हणायचा. बागवाला मात्र त्याच्याकडे कौतुकानं बघत नाही, आणि त्यात काही गैरही नाही.

कारण उडद्याची नजर डोळ्यावर असते. डोळा फुगला, कापसला, की तो कुरतडायला बसतो. कुरतडलेला डोळा फुटत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर गेला तर पुढची मालकाडी गेली; ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर गेला तर समोरचा घडच गेला. पुढे पानं आल्यावर तो त्यांना लांबट, अरुंद भोकं पाडतो. ते नुसतं चरणं. त्यानं बाग बुडत नाही.

ऑस्ट्रेलियातला त्याचा एक भाऊबंद निलगिरीची पानं फस्त करतो. 1916 च्या सुमारास तो न्यूझीलंडात पोहोचला आणि तिथल्या निलगिरीच्या लागवडींना डोकेदुखी होऊन बसला. पण निलगिरीला पुन्हा पालवायला सवड मिळते. द्राक्षाच्या डोळ्याला मिळतात मोजके दिवस, आणि उडद्या नेमके तेच गाठतो. पोट इवलंसं, पण वेळ साधण्यात याचा हात धरणारा कोणी नाही.

बिऱ्हाड जुन्या खोडाच्या सुटलेल्या सालीखाली. अंडीही तिथंच. अळी मातीत उतरून मुळांची साल खाते, तिथंच कोष करते. म्हणजे वर मालक, खाली पोरं, सगळं घर वेलीवर पोसलेलं.

आणि इतका बिलंदर असून भित्रा! वेल जरा हलली की पाय आखडून खाली पडतो, मेल्याचं सोंग घेतो. पाखरापुढे हे चालत असेल. खाली कापड अंथरून वेल झटकणाऱ्या बाईपुढे चालत नाही. ती त्याला गोळा करते आणि सरळ रॉकेलच्या पाण्यात टाकते.

तेव्हा छाटणी झाली की सुटी साल काढून जाळा. खोडापाशी केळीची वाळकी पानं ठेवा. उडद्या त्यात दडेल, सकाळी वेचून नष्ट करा. फवारणी करायचीच झाली तर डोळे फुगताना करा. पानांवरची भोकं बघून मग पंप उचलू नका.