लोकांचा लाडका

खेळातले जाणकार आणि खेळावर प्रेम करणारे ह्या दोन जाती अगदी निरनिराळ्या आहेत, असे आमचे फार दिवसांचे मत आहे. संघ हरू लागला म्हणजे जाणकार मनुष्य आकड्यांची वही पुढे ओढतो. प्रेम करणारा मनुष्य एक नाव घेतो. "अमक्याला संघात घ्या, मग बघा!" एवढेच त्याचे म्हणणे असते. का घ्यायचे, कोणाच्या जागी घ्यायचे, ह्या प्रश्नांची उत्तरे त्याच्यापाशी नसतात आणि ती नसल्याची त्याला खंतही नसते. घरातला एखादा मुलगा दूरदेशी राहिला असताना आजी म्हणते ना, "तो असता तर असे झाले नसते," तसलेच हे बोलणे. त्याला तर्काने उत्तर देणे म्हणजे आजीशी वाद घालणे होय.

ह्या जातीचा एक अस्सल नमुना आमच्या घरातच निपजला आहे. आमचा भाचा गेली कित्येक वर्षे अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल ह्या शहरी असतो. लहानपणी तो इंदूरच्या गल्लीत क्रिकेट खेळे; तिकडे गेल्यावर त्या लोकांच्या फुटबॉलाने त्याला झपाटले. ह्या फुटबॉलात पायाचे काम थोडे आणि हाताचे फार. चेंडूही गोल नव्हे, सोललेल्या नारळासारखा लांबट. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, न सरकल्यास चेंडू दुसऱ्याच्या स्वाधीन करायचा, असा एकूण हिशेब. ह्या सगळ्या गर्दीत क्वार्टरबॅक म्हणून एक गडी असतो. प्रत्येक डाव त्याच्या हाती चेंडू येऊन सुरू होतो. फेकायचा, दुसऱ्याकडे सोपवायचा की आपणच घेऊन धावायचे, हे त्याने पळभरात ठरवायचे, आणि तेही समोरून धिप्पाड माणसे अंगावर येत असताना! नाटक कंपनीत जे स्थान नायकाचे, तेच संघात ह्या गड्याचे. म्हणून नाटक पडले की लोक नायक बदला म्हणतात.

जॅक्सनव्हिलचा 'जॅग्वार्स' हा संघ १९९५ साली मैदानात उतरला. पुढे त्याला वाईट दिवस आले. २०१२ च्या हंगामात सोळा सामन्यांपैकी दोन जिंकले, चौदा हरले. त्याआधीच, २००५ पासून, मैदानातील हजारो खुर्च्यांवर ताडपत्र्या अंथरण्याची पाळी आली होती. सगळी तिकिटे खपली नाहीत तर तो सामना त्या शहरातल्या लोकांना दूरदर्शन संचावरही दिसायचा नाही, असा तेव्हाचा नियम. तेव्हा विकायच्या खुर्च्याच कमी करून टाकणे भाग पडले. भाच्याने त्या ताडपत्र्यांचे छायाचित्र आम्हांस पाठविले होते. भरल्या घरात एखाद्या खोलीला कायमचे कुलूप लागावे, तसे ते दिसत होते.

आणि अशा वेळी त्या शहराचा एक लाडका पोर परगावी रिकामा बसला होता. टिम टीबो त्याचे नाव. धर्मोपदेशक आईबापांच्या पोटी १९८७ साली फिलिपाइन्समध्ये जन्मलेला, पण वाढलेला जॅक्सनव्हिलचा. त्याचे शिक्षण शाळेत न होता घरीच आईजवळ झाले. (हे ऐकून आमच्यासारख्या मुख्याध्यापकाच्या मनात अढी बसली, हे सांगितलेच पाहिजे.) तिकडच्या कायद्यानुसार घरी शिकणाऱ्या मुलालाही शाळेच्या संघातून खेळता येते, तसा तो खेळला, पुढे फ्लॉरिडा विद्यापीठाकडून खेळताना २००७ साली त्याला महाविद्यालयीन खेळाडूंचा सर्वोच्च मानाचा 'हाइजमन' करंडक मिळाला. २०११ साली डेन्व्हरचा संघ पाचांपैकी चार सामने हरलेला असताना ह्याच्या हाती सूत्रे आली. फेकलेल्या चेंडूंपैकी निम्मेसुद्धा त्याला नीट पोहोचविता येत नसत. पण शेवटच्या काही मिनिटांत तो हरलेले सामने फिरवी. बाद फेरीत पिट्सबर्गविरुद्ध जादा वेळेत त्याच्या पहिल्याच फेकीवर ऐंशी यार्डांची मजल मारली गेली आणि सामना संपला. सारा देश वेडा झाला. पुढच्याच आठवड्यात त्याच संघाने ४५-१० असा सपाटून मार खाल्ला, आणि दोन महिन्यांत डेन्व्हरने अधिक अनुभवी गडी आणून ह्याला न्यूयॉर्कला धाडून दिले. तिथे तो बहुतेक बाकावरच बसला. एप्रिल २०१३ मध्ये त्या संघानेही त्याला मोकळे केले.

झाले! आमच्या भाच्याचे दूरध्वनी सुरू झाले. "मामा, तुम्हीच सांगा, आपल्या गावचा मुलगा, आपला संघ मरायला टेकलेला, मैदान ओस पडलेले. ह्याला घेतले तर निदान लोक तरी येतील की नाही?"

"अरे, पण त्याची फेक चुकते म्हणतोस ना?"

"चुकते. पण जे आहेत त्यांची कुठे बरोबर पडते?"

ह्या युक्तिवादाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. संघाच्या नव्या व्यवस्थापकांपाशी मात्र होते. टीबो आमच्याकडे येण्याची कल्पनाही करवत नाही, असे त्यांनी जानेवारी २०१३ मध्येच जाहीर करून टाकले होते. त्या वर्षी संघ पहिले आठ सामने ओळीने हरला. सप्टेंबरात काही चाहते मैदानाबाहेर फलक घेऊन जमले. व्यवस्थापक बधले नाहीत.

आम्हां इंदूरकरांना ह्या गोष्टीचे नवल वाटण्याचे कारण नाही. १९४५ साली ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघाविरुद्ध कलकत्त्यास व्हावयाच्या सामन्यातून आमच्या मुश्ताक अलींना वगळले, तेव्हा निवड समितीवरील दुलीपसिंहजींना लोकांनी घेराव घातला आणि 'नो मुश्ताक, नो टेस्ट' ही घोषणा दिली. मुश्ताकांना घ्यावे लागले. १९७३ साली कानपूरच्या कसोटीत सलीम दुराणींना वगळल्यावर तीच घोषणा त्यांच्या नावाने झाली, आणि पुढच्या मुंबईच्या कसोटीत ते परत आले. आमच्या वडिलांनी मुश्ताकांना यशवंत क्लबच्या मैदानावर खेळताना पाहिले होते. ते धावसंख्या कधी सांगत नसत. मुश्ताक यष्टी सोडून पुढे कसे चालत येत, एवढे मात्र स्वयंपाकघरात काठी हाती घेऊन दाखवीत.

पण येथे एक भेद केला पाहिजे. मुश्ताक १९३६ सालीच मँचेस्टरला ११२ धावा काढून परदेशी कसोटीत शतक करणारे पहिले भारतीय ठरले होते. त्यांच्यासाठी ओरडणारी गर्दी निवड समितीला विसरलेली गोष्ट आठवून देत होती. टीबोसाठी ओरडणारी गर्दी त्याच्या फेकीची ग्वाही देत नव्हती. ती वेगळेच काही मागत होती. ते वेगळे काय, हे आम्हांस पुस्तकातून कळले नाही. ते आमच्या कचेरीच्या टेबलावर येऊन पडले.

आमची शाळा सरकारी. एके काळी चारशेच्या घरात असलेला पट ओसरत ओसरत दीडशेवर आला आहे. मागच्या दोन खोल्यांत मोडके बाक रचून ठेवलेले आहेत. आमच्याकडे गणिताचे एक शिक्षक होते. त्यांच्या वर्गाचा निकाल तक्त्यात कधी विशेष उठून दिसला नाही. परंतु हजेरीपट पाहावा तर त्यांच्याच वर्गाचा! भाजीच्या गाडीवर बापाला मदत करणारी पोरेसुद्धा त्यांच्या तासाला धावत येत. त्यांची बदली झाली. पंधरा दिवसांत पालकांचा अर्ज आला. साठ-पासष्ट सह्या, त्यांत कित्येक अंगठे, आणि मजकूर एका ओळीचा: आमचे सर आम्हांला परत द्या.

अर्ज वर पाठवायचा तर त्यावर मुख्याध्यापकांचा अभिप्राय हवा. निकालाचा तक्ता एका बाजूस, हजेरीपट दुसऱ्या बाजूस ठेवून आम्ही दोन दिवस विचार केला. व्यवस्थापकाची वही सांगत होती की, विज्ञानाची जागा दोन वर्षे रिकामी आहे, आधी ती मागावी. भाच्याचे बोलणे सांगत होते की, मुले आलीच नाहीत तर विज्ञान शिकवायचे कोणाला? शेवटी आम्ही दोन्ही मागितले आणि दोहोंची कारणे दिली. पालकांची भावना म्हणून नव्हे, तर हजेरीचे आकडे जोडून सरांची शिफारस केली. आणि एका लाडक्या माणसाच्या खांद्यावर सगळी शाळा टाकणे त्या माणसावरही अन्याय आहे, म्हणून विज्ञानाची जागा भरावी, असेही लिहिले.

सर परत आले नाहीत. विज्ञानाच्या एक तरुण शिक्षिका तेवढ्या आल्या. पालक नाराज झाले. त्यांतले तिघे चौघे आमच्या खोलीत येऊन बरेच तावातावाने बोलून गेले. आम्ही ऐकून घेतले, कारण त्या बोलण्यात आम्हांस एक समाधानाची गोष्ट सापडली होती. पलीकडच्या रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेत ज्यांनी मुले घातली, त्यांच्यापैकी एकही भांडायला आला नव्हता. भांडायला आले ते ह्या शाळेला आपली म्हणणारे. त्यांतलाच एक गृहस्थ सुतारकाम करतो. पुढच्या रविवारी तो रंधा आणि खिळे घेऊन आला आणि मागच्या खोलीतले सात बाक दुरुस्त करून गेला. सरांविषयी अवाक्षर बोलला नाही.

तेव्हा जॅक्सनव्हिलच्या लोकांचे मागणे आम्हांस उमगले. चौदा पराभवांनंतरही 'आमचा संघ' म्हणण्यासाठी माणसाला धरायला काहीतरी लागते. त्या धरण्याच्या जागेला त्यांनी टीबोचे नाव दिले होते, इतकेच.

गोष्टीचा शेवट मात्र गमतीचा आहे. मे २०२१ मध्ये त्याच संघाने टीबोला खरोखरच घेतले. विद्यापीठातले त्याचे जुने गुरू तेथे प्रशिक्षक झाले होते. पण आता तो तेहतीस वर्षांचा, आणि जागाही क्वार्टरबॅकची नव्हे. ऑगस्टात त्याला परत पाठविले. डिसेंबरात गुरुजींनाही नारळ मिळाला. त्या हंगामात संघ सतरांपैकी तीनच सामने जिंकला. पुढच्या वर्षी एका निराळ्याच तरुण क्वार्टरबॅकने संघाला बाद फेरीत नेले आणि जानेवारी २०२३ मध्ये २७-० असा मागे पडलेला सामना ३१-३० असा जिंकून दिला. इकडे संक्रांतीची सकाळ होती. आम्ही तिळगुळाचा लाडू तोंडात टाकतो आहोत तोच भाच्याचा दूरध्वनी आला. घसा बसलेला होता; तो मैदानातच होता. टीबोचा विषय त्याने काढला नाही आणि आम्हीही काढला नाही.

वाचकहो, आपल्या मंडळांत, वाचनालयांत, गणेशोत्सवाच्या समित्यांतही असा एक तरी सभासद असतो, जो दर सभेत उठून एकच नाव घेतो: अमक्यांना पुन्हा बोलवा. त्याला गप्प बसविण्याची घाई कार्यवाहांनी करू नये, अशी आमची विनंती आहे. त्याचे म्हणणे मान्य करणे न करणे आपल्या हाती आहे. पण ज्या दिवशी तो सभेला यायचा बंद होईल, त्या दिवशी सतरंजी किती मोठी अंथरायची, हा प्रश्न आपल्यालाही पडेल.