सोबत काय घ्याल?

परीक्षा फक्त शाळेत होते असे आम्हां मास्तरांना वाटते. पण हातात न वाचता येणारे मेनूकार्ड पडले की भल्याभल्यांना घाम फुटतो. भिवंडीतल्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात ही भीती नाही. तिथे पोऱ्या सगळे पदार्थ एका दमात म्हणून दाखवतो. मिसळ मागितली की मिसळ येते. तिच्याबरोबर काय प्यायचे, हे कोणी विचारीत नाही. मागोमाग चहा यायचा, हे ठरलेलेच असते.

भाच्याला पहिला पगार झाला आणि त्याने आम्हां उभयतांना ठाण्याला मेक्सिकन जेवण घालायचे ठरवले. कशेळीचा पूल ओलांडीपर्यंत सौभाग्यवती विचारीत होत्या, "मेक्सिकन म्हणजे काय हो?" मी मेक्सिकोच्या सीमा सांगितल्या. त्यांचे समाधान झाले नाही. पुढे ताटात टाको आला. दुमडलेली मक्याची भाकरी. आत राजमा, टोमॅटो, कांदा आणि मिरची. "अगोबाई, हे तर आपलेच!" त्या म्हणाल्या.

खरे म्हणजे आपलेच त्यांचे आहे. मका, मिरची, टोमॅटो आणि राजमा ही सारी अमेरिका खंडाची देणगी. मिरची आपल्याकडे आणली ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी. त्याआधी आपल्या स्वयंपाकघरात तिखटाचे काम मिरे करीत. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, म्हणून त्याची भाकरी लवचीक होते. एवढे ज्ञान पाजळून मी जेवणार, तोच भाच्याने दुसरे कार्ड पुढे सरकवले. "मामा, आज वाइन घ्यायची."

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात ज्याने वर्षानुवर्षे शिकवले आहे, त्याला हा शब्द गिळणे सोपे नाही. नावे फ्रेंच, किमती भारी. मी कार्ड उलटेसुलटे करीत असता मागून आवाज आला, "सर, तुम्ही?" मान वर केली. माझाच विद्यार्थी. शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसणारा. याचा बाप मागावर होता. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या दाराशी याची आई उभी राहायची, कडेला हा. पैसे गुत्त्याआधी घरी पोचावेत म्हणून. शाळेतून परतताना मी ते अनेकदा पाहिले होते. तोच मुलगा आता पांढऱ्या शर्टात ताठ उभा राहून मला विचारीत होता, "सोबत काय घ्याल, सर?"

मी म्हटले, "तूच सांग."

"तिखट आहे, तर लाल नको, सर. लालचा तुरटपणा तिखटाबरोबर जास्त झोंबतो. मद्य कडक असले तर जीभ आणखी भाजते. थंड, किंचित गोडसर पांढरी घ्या. शेनिन ब्लाँ. आपल्या नाशिकचीच आहे."

"तिकडे मेक्सिकोत काय घेतात रे?"

"बहुतेक बीअर. नाहीतर लाल अंबाडीच्या बोंडांचे सरबत. तेही आहे आमच्याकडे."

"अंबाडी?" सौभाग्यवतींचा चेहरा उजळला. त्यांनी सरबत सांगून टाकले. परीक्षा त्या पास झाल्या. पेपर माझाच उरला.

मेक्सिकोत पर्रास गावी १५९७ पासून वाइन होते. आपल्या नाशिकजवळ राजीव सामंत यांनी 'सुला' सुरू केली ती १९९९ मध्ये. २००१ साली सरकारने द्राक्षांच्या वाइनसाठी धोरणही आखले. इकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदाही पुस्तकात आहेच. 'परमिट रूम' ही पाटी त्याचीच खूण. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचे मंत्रिमंडळाने ठरवले, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नव्हे, यावर केवढे रणकंदन झाले! द्राक्षे शेतकऱ्याची, हे खरे. कारखान्याच्या दाराशी उभी असलेली ती बाईही खरी. पेला उंच दांड्याचा असला म्हणून आतले मद्य निराळे होत नाही. पण नको म्हणावे, तर या मुलाच्या कामालाच नाक मुरडल्यासारखे होणार. गुत्त्यावर जाऊन कोणाला उपदेश करण्याचे धैर्य मला कधी झाले नव्हते. ते या पोरासमोर कशाला दाखवू?

"एक पेला आण," मी म्हणालो.

त्याने बाटली आणून तिच्यावरचे नाव मला वाचू दिले, मग बेताने ओतली. मी हळूच विचारले, "तू घेतोस का रे?"

"नाही, सर. शिकवताना घोटभर चाखून थुंकायला लावतात. तेवढेच."

"आई?"

"बरी आहे. पगार तिच्याच हातात देतो." एवढे बोलून तो पलीकडच्या टेबलाकडे गेला.

वाइन थंड होती, गोडसर होती, तिखटावर बरी लागली. तो पेला मी सावकाश संपवला. ज्या घराचा पगार दारूने खाल्ला, त्याच घरात आज तिच्याच टेबलावरून पगार जातो आहे, हे मात्र घोटाबरोबर खाली उतरेना.

परतताना भाचा म्हणाला, "पुढच्या खेपेला लाल घेऊन बघू, मामा." सौभाग्यवतींचे म्हणणे, पुढच्या खेपेला मीही अंबाडीचे सरबत घ्यावे. मी अजून काही ठरवलेले नाही.