सोबत कोण?

पोटातील जुन्या जळजळीपायी गेल्या माघात दिल्लीतील एका रुग्णालयात आमची एंडोस्कोपी ठरली. दुर्बिणीची नळी घशावाटे जठरात उतरावयाची. रात्रीपासूनचा उपास काही कठीण नव्हता. हाताने स्वयंपाक करण्याच्या कंटाळ्याने ती सवय आम्हांस आधीच लावली आहे. कठीण होता तो परिचारिकेचा प्रश्न : "साथ में कौन है?"

गुंगीसाठी मिडॅझोलॅम टोचावयाचे, तर घरी नेणारे माणूस हवे. पुढे 24 तास वाहन हाकणे नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करणे नाही. (सहीवाचूनचा कारकून!) कचेरीत ओळखी पुष्कळ, पण सकाळी आठाला रजा टाकून ये, असे कोणास म्हणावे? कुटुंब साताऱ्यास, मुलांच्या परीक्षा तोंडावर. "कोणी नाही," आम्ही म्हणालो.

मग घशात लिग्नोकेनचा कडू फवारा घेऊन जागेपणीच नळी गिळली. काम पाच-सात मिनिटांचे. पण उमासे आले, डोळ्यांना धारा लागल्या. मिडॅझोलॅम घेतलेला माणूस हाकेला ओ देतो, आणि मागाहून त्यास बहुधा काहीच आठवत नाही म्हणे. आम्हांस सारे आठवते; त्या परिचारिकेने सबंध वेळ आमचा खांदा धरून ठेवला होता, तेही.

रात्री घरी दूरध्वनीवर सांगितले, "गुंगी दिली होती, काही कळलेच नाही."

"मग सोबत कोण होतं?" पलीकडून प्रश्न आला.