नाव नसलेले बोर्ड

कॅरमचा बोर्ड विकत घ्यायचा तर आधी तो उलटा करावा. वरची बाजू सगळ्यांची सारखीच: 74 सेंटिमीटरचा चौरस, कोपऱ्यांत 4.45 सेंटिमीटरची भोकं, रेघा, बाण, मधलं वर्तुळ. कारागीर कळतो तो पाठीवर. आधाराच्या पट्ट्या किती आहेत, त्या नुसत्या खिळ्यांनी ठोकल्यात की स्क्रूने आवळल्यात, चौकटीचे कोपरे अंगाला अंग लावून जुळलेत की फटीत लांबी भरून रंग फासलाय. सिस्का, सुरको, सिन्को ही नावं स्टिकरवर वाचता येतात. स्टिकर केव्हाच झडून गेलाय असा जुना बोर्ड मात्र हाताने आणि कानाने वाचावा लागतो. मला ओढ आहे ती अशाच बोर्डांची.

पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या मोशीत ती भागते, कारण इथे माणसं मापात वाढलेली आहेत. भोसरीच्या एमआयडीसीत नाहीतर चाकणला पाळीवर जाणारे टर्नर, फिटर, टूलरूमवाले घरोघरी. आमच्या गल्लीतले एक निवृत्त फिटर काका बोर्ड कसा तपासतात ते पाहण्यासारखं असतं. स्टीलची पट्टी ते कर्णावर उभ्या कडेने ठेवतात, पलीकडे टॉर्च धरतात आणि डोळा पातळीवर आणून पट्टीखालून बघतात. उजेडाची रेघ जिथे फुटते, तिथे प्लाय बसलेला. मग बोटाच्या पेराने ठिकठिकाणी ठोकून ऐकायचं. चांगला बोर्ड सगळीकडे एकाच सुरात वाजतो. थर सुटले असतील तिथे आवाज भद्द येतो. शेवटची परीक्षा नियमातलीच: 15 ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोर लावून मारला, तर त्याने या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत साडेतीन फेऱ्या घेतल्या पाहिजेत. तो बाभळीच्या चौकटीवर आपटून परत फिरतो तेव्हा काका मान डोलावतात. तेवढ्यावर बोर्ड पास.

असे बोर्ड मिळायचे शेजारच्या कुदळवाडीत. भंगाराच्या त्या गल्ल्यांमध्ये ड्रम, पॅलेट आणि मोडक्या खुर्च्यांच्या मागे एखादा बोर्ड टेकून उभा असायचा, बहुधा एखाद्या कारखान्याच्या कॅन्टीनमधून आलेला. बोरिक पावडरचा थर पुसला की खाली वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेलं लाकूड लागायचं. बेसलाइनच्या मधोमध रंग उडालेला. किती दुपारच्या सुट्ट्या तिथे झिजल्या असतील. 2025च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडीतली हजारो बांधकामं पाडली. तेव्हापासून जुना बोर्ड शोधायचा तर ओळखीपाळखीने, मंडळांच्या माळ्यांवर विचारत फिरावं लागतं.

हे वेड जगात इतरत्रही आहे. इंग्लंडच्या पबमध्ये 1930च्या दशकात बार बिलियर्ड्स आला. त्याच्या टेबलाच्या पृष्ठभागावरच भोकं असतात आणि काही भोकांपुढे पाडायला नको अशा खुंट्या. नाणं टाकलं की आतलं घड्याळ चालू होतं. वेळ संपली की आत एक दांडी पडते आणि भोकात गेलेले चेंडू परत येईनासे होतात. जेल्क्स, सॅम्स, रायली अशा कारखान्यांची जुनी टेबलं तिथले दर्दी आजही शोधतात. त्या टेबलाचाही जीव हिरव्या कापडाखालीच दडलेला. खेळणाऱ्याला जे दिसत नाही ते कुणीतरी मन लावून केलेलं असतं, म्हणून वरचा खेळ रंगतो. त्या कुणातरीचं नाव राहत नाही, पण काम ओळखू येतं. कारागिराचा याहून मोठा मान मला ठाऊक नाही.

मोशीत आता उंच सोसायट्या झाल्यात, प्रत्येकीला क्लबहाउस आहे आणि तिथे बहुतेक वेळा कमी किमतीचा, पातळ प्लायचा बोर्ड येतो. भिंतीला तिरका टेकवून ठेवलेला तो बोर्ड एका पावसाळ्यात दमट होऊन वाकतो. मग सोंगट्या आपोआप एका कोपऱ्याकडे ओढल्या जातात आणि मुलं कंटाळून मोबाइलकडे वळतात. आमच्या सोसायटीच्या सभेत मी हा विषय मांडणार आहे. जाड प्लायचा, घट्ट सांध्यांचा बोर्ड काकांच्या पट्टीखालून पास करून घ्यावा. 63 ते 70 सेंटिमीटर उंचीच्या स्टँडवर, शेड लावलेल्या दिव्याखाली ठेवावा. आणि सेकंड शिफ्ट सुटून येणाऱ्यांसाठी ती खोली रात्री उशिरापर्यंत उघडी असावी.