नागपूरचा फुगा आणि आमच्या वाचनालयाची भिंत



आज एका उपक्रमाबद्दल लिहिते आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगते.

मार्च महिना होता. तेल्हारा परिसरात आदल्या रात्री गारपीट झाली होती. गहू झोपला, हरभरा गेला. सकाळी चौथीच्या वर्गात एका मुलीने हात वर केला, "मॅडम, एवढं ऊन तपते, मंग गारा कुठून येते जी?" तिच्याच वावरात नुकसान झालं होतं. मला उत्तर येत नव्हतं. "निसर्ग आहे बाळा, चल, पुस्तक काढ," असं म्हणून मी पुढे गेले. त्यानंतर कितीतरी दिवस तिने हात वर केला नाही. डी.एड.ला असताना "मुलांच्या जिज्ञासेला वाव द्यावा" हे वाक्य मी परीक्षेत किती वेळा लिहिलं असेल! आणि वेळ आली तेव्हा मी काय केलं, ते तुम्ही पाहिलंच.

आमच्या इथल्या सार्वजनिक वाचनालयात शनिवारी मुलांचं वाचन असतं. एप्रिलमध्ये तिथे एका मुलाच्या हाती वर्तमानपत्राचं जुनं कात्रण लागलं. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रामेश्वरमहून विद्यार्थ्यांनी बनवलेले १०० छोटे उपग्रह हेलियमच्या फुग्याने आकाशात सोडले होते. त्यात महाराष्ट्रातलीही मुलं होती. झालं! "मॅडम, आपणबी वाचनालयातून फुगा सोडू!"

मी चौकशी केली. असा फुगा विमानांच्या उंचीच्याही वर जातो, म्हणून परवानगी लागते. गॅस, पॅराशूट, माग काढायचं यंत्र हा सगळा खर्च वेगळाच. शिवाय वाऱ्याने तो कितीतरी किलोमीटर दूर जाऊन पडतो. आपल्याला ते जमण्यासारखं नव्हतं. मुलांचे चेहरे उतरले.

पण शोधताना एक गोष्ट कळली. हवामान खात्याच्या नागपूर केंद्रातून असा फुगा सोडतात. जगभरातली केंद्रे पहाटे आणि संध्याकाळी, आपल्या घड्याळाप्रमाणे साडेपाचच्या सुमाराची नोंद घेतात. रबराच्या फुग्याखाली एक छोटं यंत्र बांधलेलं असतं. ते तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता मोजून रेडिओने खाली कळवतं. फुगा वाऱ्याबरोबर कसा सरकतो, त्यावरून वरचा वारा समजतो. वर हवा विरळ, म्हणून फुगा फुगत जातो आणि ३० किलोमीटरच्या आसपास फुटतो. हे आकडे इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. नागपूरचा केंद्र क्रमांक आहे ४२८६७.

मग आम्ही फुगा भिंतीवर सोडायचं ठरवलं. १ सेंटीमीटर म्हणजे १०० मीटर. ३० किलोमीटरला किती? मुलांनी पाटीवर गणित केलं, ३०० सेंटीमीटर. वाचनालयाची भिंत दहा फूट, बरोबर बसली! जमिनीपासून छतापर्यंत कागदाची पट्टी चिकटवली. फुगा मिनिटाला साधारण ३०० मीटर चढतो, म्हणजे पट्टीवर ३ सेंटीमीटर. छताला टेकायला १०० मिनिटं. हेही मुलांनीच काढलं.

त्या पहाटेचे आकडे मी वाचत गेले आणि मुलं लिहीत गेली. जमिनीवर पंचवीस-सव्वीस अंश. वर जावं तसं कमी-कमी. ८८ सेंटीमीटरवर एव्हरेस्ट, १०० वर विमान. १७० च्या जवळ, माझ्या डोक्याच्याही वर, उणे ७५ च्या आसपास! त्याच्यावर मात्र तापमान पुन्हा वाढू लागलं, त्याचं मुलांना फार नवल वाटलं. आणि शून्य अंश कुठे? जेमतेम ५० सेंटीमीटरवर. मुलांच्या गुडघ्याच्या थोडं वर.

तिथे मी थांबले आणि त्या मुलीला पुढे बोलावलं. म्हटलं, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तेव्हा मला येत नव्हतं." जमीन खूप तापली की हवा जोरात वर उसळते. पाण्याचे थेंब त्या रेषेच्या वर नेते. तिथे ते गोठतात, त्यांच्यावर थरावर थर चढतात. वजन पेललं नाही की गार खाली येते. म्हणजे ऊन असूनही गार पडते असं नाही. वर थंडी असताना खाली एवढं ऊन तापतं, म्हणूनच ते वादळ उठतं.

तिचे वडील तिला न्यायला आले होते. ते दारातून ऐकत होते. पट्टीजवळ वाकून म्हणाले, "म्हणजे बरफ पाचच किलोमीटरवर हाये? आमचं वावर त्याहून लांब हाये!" सगळे हसले. मग ते हळूच म्हणाले, "आधी समजलं असतं तरी गहू काही उचलून नेता आला नसता मॅडम. पण कोनाचा कोप नव्हता, एवढं तं कळलं."

मला त्यावर काही बोलता आलं नाही.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर कागद, टेप, मोजपट्टी आणि इंटरनेट असलेला एक मोबाईल पुरे. सगळे आकडे ३० किलोमीटरपर्यंत मिळतीलच असं नाही, मिळतील तिथपर्यंत जा. गुणाकार, मापन, ऋण संख्यांची ओळख आणि परिसर अभ्यास एकाच तासात होतो. मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थाही संशोधनासाठी फार मोठे फुगे सोडते, त्यांची उपकरणं कधी महाराष्ट्रातही उतरतात. असं काही शेतात सापडलं तर उघडायचं नाही, पोलिसांना कळवायचं.

पट्टी अजून वाचनालयात आहे. पुढच्या सोमवारी त्या मुलीने हात वर केला, "मॅडम, पावसाळ्यात तं रोज ढग येते, मंग तवा गारा काहून कमी पडते?"

या वेळी मी फळ्यावर प्रश्न लिहिला आणि म्हटलं, "मलाही शोधावं लागेल. शनिवारी मिळून शोधू." शोधलं. पावसाळ्यात जमीन तेवढी तापत नाही. शिवाय शून्याची ती रेषा आणखी वर सरकते, त्यामुळे गार खाली येईपर्यंत विरघळते. मुलीनेच पट्टीवर दुसरी रेघ मारली, हिरवी.