पिवळ्याची पारख

मोतीबिंदूचं निदान झालं, त्याच्या बरंच आधी कॉलमवर ते मला कळायला हवं होतं. सेफाडेक्स जी-२५ च्या कॉलममधून आधी रंग चढलेली अँटीबॉडी उतरते, मागून मोकळा एफआयटीसी, म्हणजे आम्ही अँटीबॉडीला जोडतो तो रंग. या दोन पिवळ्या पट्ट्यांमधली फट मला दिसेनाशी झाली होती. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळं पडतं आणि त्यातून पांढऱ्यावरचा फिका पिवळा हरवतो. इंदूरला, खंडवा रोडवरच्या आमच्या प्रयोगशाळेत, माझी ओळख म्हणजे माझी नजर. नळीतला रंग पाहून एका अँटीबॉडीवर किती रेणू चढले ते मी सांगायचे. मोजणी जुळली की होणारा आनंद मला प्रयोगाच्या निकालाहून प्यारा होता.

आता मोजणी विद्यार्थिनी करते. ४९५ आणि २८० नॅनोमीटरला शोषण घेते, २८० मधला रंगाचा वाटा वजा करते. माझं जुनं कोडं मात्र तिच्या आकड्यांनीही सुटत नाही. तीच कृती, तोच पीएच, तेवढाच रंग. एका अँटीबॉडीवर चार रेणू चढतात, दुसरीवर नऊ. रंग ज्याला जोडला जातो ते लायसिन दोघींतही भरपूर, पण कोणतं उघड्यावर आहे आणि कोणतं नेमकं अँटिजेन धरायच्या जागी, हे आधी कळत नाही. तिथे रंग बसला तर अँटीबॉडी चमकते, धरत नाही. आणि नऊ चढले की नळीत रंग देखणा गडद, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मंद! दाटीनं बसलेले रेणू एकमेकांचा उजेड विझवतात. त्यात इंदूरचा पावसाळा. एफआयटीसीची थंडगार कुपी घाईनं उघडली की ओल धरते. रंग तसाच दिसतो, जोडला जाण्याची ताकद गेलेली असते.

अलेक्सा नावाचे नवे रंग जास्त टिकतात, आम्लात एफआयटीसीसारखे मंदावत नाहीत, हे मला मान्य आहे. पण रंग चढवलेली अँटीबॉडी विकत आणून चित्रं काढणाऱ्यांना मी या कामातले कारागीर मानत नाही. या कामाची सुरुवात करणाऱ्या अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये अँटीबॉडीला अँथ्रासीन जोडलं. त्याचा निळा उजेड ऊतींच्या स्वतःच्या निळ्यात मिसळायचा, म्हणून ते फ्लुओरेसीनच्या हिरव्याकडे वळले. त्यांचा फ्लुओरेसीन आयसोसायनेट करायला फॉस्जीनसारखा विषारी वायू लागे. आपला आयसोथायोसायनेट, म्हणजेच एफआयटीसी, १९५८ चा.

शस्त्रक्रियेनंतर फट पुन्हा दिसू लागली, आणि विद्यार्थिनीनं मोजण्याआधीच मी मोठ्यानं आकडा सांगून टाकला. ती सवय सुटेल असं वाटत नाही. तयार अँटीबॉडी घ्यायचीच असेल तर घ्या. पण सोबतच्या कागदावर रंग आणि प्रथिनाचं प्रमाण दिलेलं नसेल, तर ती परत पाठवा.